हार्लेमचा एचएफसी: नेदरलँड्समधल्या सर्वांत जुन्या फुटबॉल क्लबचा इतिहास समजून घेऊन त्याच्या मैदानावर कसं जावं

अ‍ॅमस्टरडॅमला येणारा फुटबॉलवेडा मराठी माणूस सहसा आयाक्स या तिथल्या नामांकित क्लबच्या स्टेडियमची तिकीट काढून फेरी मारतो, दुकानातून जर्सी घेतो आणि परततो. त्यात काही वाईट नाही. पण या देशातला फुटबॉल ज्या मातीत रुजला ती जागा अ‍ॅमस्टरडॅमहून रेल्वेने पंधरा-वीस मिनिटांवर, हार्लेम शहरात आहे. तिथे आजही दर आठवड्याला सामने होतात आणि कुणीही आत जाऊन बघू शकतं. क्लबचं नाव कोनिंक्लेके एचएफसी. स्थापना १५ सप्टेंबर १८७९. नेदरलँड्समधला सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून तो ओळखला जातो आणि आजतागायत हौशीच राहिला आहे.

नुसतं मैदान बघायला गेलात तर झाडांच्या कडेचं एक नीटनेटकं क्रीडासंकुल दिसेल. इतिहास वाचून गेलात तर त्याच मैदानावर दोन तास कमी पडतील. म्हणून या लेखात आधी इतिहास आणि मग प्रवास, असा क्रम ठेवला आहे. तुम्हीही तो मोडू नका.

पहिलं काम: नावाचा घोळ मिटवा

हार्लेममध्ये एचएफसी हे नाव लावणारे दोन मोठे क्लब होऊन गेले, आणि इंटरनेटवर शोधताना त्यांची हमखास सरमिसळ होते. दुसरा क्लब म्हणजे एचएफसी हार्लेम. त्याची स्थापना १८८९ ची. तो पुढे व्यावसायिक झाला, १९४६ साली राष्ट्रीय विजेता ठरला, पुढे जगप्रसिद्ध झालेल्या रूड गुलिट या डच खेळाडूने व्यावसायिक कारकीर्द तिथूनच सुरू केली, आणि जानेवारी २०१० मध्ये तो दिवाळखोरीत निघून संपला. २० ऑक्टोबर १९८२ रोजी मॉस्कोच्या लुझ्निकी स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी होऊन अधिकृत आकड्यानुसार ६६ माणसं दगावली, तो युएफा चषकाचा सामना स्पार्टाक मॉस्को आणि याच एचएफसी हार्लेममधला होता. गुलिटचं मैदान बघायला म्हणून आपल्या क्लबात गेलात तर चुकीच्या दारात उभे राहाल.

आपला क्लब आहे ‘कोनिंक्लेके’ हा मान मिरवणारा, म्हणजे राजघराण्याकडून ‘शाही’ ही उपाधी मिळालेला. मूळ नाव हार्लेम्स फुटबॉल क्लब. तिथली माणसं त्याला नुसतं ‘हा-एफ-से’ म्हणतात. रस्ता विचारताना असंच म्हणा, लगेच कळतं. मैदानाचा भाग स्पान्यार्ड्सलान नावाने ओळखला जातो, फोनमध्ये मात्र ‘एमाउसलान २’ हा पत्ता टाका.

दुसरं काम: चौदा वर्षांच्या मुलाची गोष्ट वाचा, आणि तिच्यावर थोडी शंकाही घ्या

क्लबच्या इतिहासाची सुरुवात पिम म्युलिअर या नावापासून होते. जन्म १० मार्च १८६५, फ्रीसलँड प्रांतातल्या विट्मार्सुम गावी. म्हणजे १८७९ च्या सप्टेंबरात हा मुलगा साडेचौदा वर्षांचा. घर खातंपितं, इंग्लंडकडे डोळे लागलेले, आणि मैदानी खेळांचं विलक्षण वेड. त्याने हार्लेममधल्या शाळकरी मित्रांना गोळा केलं आणि क्लब काढला. सुरुवातीला ही मुलं आपण आज ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळतच नव्हती. त्यांचा खेळ रग्बी होता. १८८३ मध्ये त्यांनी रग्बी सोडून पायाने खेळायचा असोसिएशन फुटबॉल धरला. जागा होती हार्लेमर हाउट या जुन्या वनाच्या आसपासची, कूकाम्प नावाची. नावाप्रमाणेच गाईंचं कुरण.

म्युलिअर एवढ्यावर थांबला नाही. डिसेंबर १८८९ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल आणि अ‍ॅथलेटिक्स संघटना उभी राहिली, ती आजच्या केएनव्हीबी या डच फुटबॉल महासंघाची पूर्वज. तिच्या स्थापनेत तो पुढे होता आणि पहिला अध्यक्षही तोच. टेनिस आणि धावण्याच्या शर्यती या देशात रुजवण्यातही त्याचा हात आहे. डिसेंबर १८९० मध्ये त्याने गोठलेल्या कालव्यांवरून स्केटिंग करत फ्रीसलँडमधली अकराही शहरं एका दिवसात गाठली, आणि त्यातूनच पुढे १९०९ साली ‘एल्फस्टेडनटोख्त’ ही सुमारे दोनशे किलोमीटरची शर्यत सुरू झाली. नेदरलँड्समध्ये हिवाळा जरा कडक पडला की आजही सगळा देश याच शर्यतीबद्दल बोलू लागतो. एका माणसाच्या नावावर एवढं सगळं असणं दुर्मीळच.

आता शंकेची गोष्ट. १८७९ ची कथा बऱ्याच अंशी म्युलिअरने नंतर स्वतः सांगितलेल्या आणि लिहिलेल्या आठवणींवर उभी आहे. अलीकडच्या क्रीडा-इतिहासकारांनी तिच्यावर रास्त प्रश्न उभे केले आहेत: चौदा वर्षांच्या मुलांच्या टोळीला ‘क्लब’ केव्हापासून म्हणायचं? रग्बी खेळणाऱ्यांना फुटबॉल क्लब म्हणायचं का? जर १८८३ पासून मोजलं तर पहिलेपणाचा मान कुणाकडे जातो? देशाच्या पूर्वेला ट्वेंटे भागात कापडगिरण्यांचा इंग्लंडशी रोजचा व्यवहार होता, आणि १८८० च्या दशकात तिथेही फुटबॉल आला होता. माझ्या मते यामुळे एचएफसीचं मोल तसूभरही कमी होत नाही. उलट हे प्रश्न ठाऊक असले की मैदानावरच्या कुणा जुन्या सदस्याशी पाच मिनिटांची औपचारिक विचारपूस होण्याऐवजी तासभर गप्पा रंगतात. फक्त प्रश्न आदराने विचारा. त्यांच्या दृष्टीने ती घरातल्या मूळपुरुषाची गोष्ट आहे.

आपल्यासारख्या क्रिकेटवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नेदरलँड्समध्ये संघटित क्रिकेट हे संघटित फुटबॉलपेक्षा जुनं आहे. डेव्हेन्टरचा उटिले डुल्सी हा क्रिकेट क्लब १८७५ चा, हेगचा एचसीसी १८७८ चा. राष्ट्रीय क्रिकेट संघटना १८८३ मध्ये झाली, फुटबॉलच्या सहा वर्षं आधी. त्या काळची सुखवस्तू घरातली पोरं उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात फुटबॉल खेळायची, आणि दोन्ही इंग्रजांकडून घेतलेलं होतं. मुंबईच्या जिमखान्यांचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना हे वातावरण लगेच ओळखीचं वाटेल.

मैदानावरचे विजय: हे आकडे लक्षात ठेवा

राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धा बाल्यावस्थेत असताना एचएफसीने १८९०, १८९३ आणि १८९५ साली पहिला क्रमांक पटकावला. तेव्हा स्पर्धा पश्चिमेकडच्या मोजक्या क्लबांपुरतीच होती, त्यामुळे या यशाची आजच्या लीगशी तुलना करू नका. १८९९ साली क्लब स्पान्यार्ड्सलानच्या मैदानावर आला आणि तिथेच राहिला. एका हौशी क्लबाने सव्वाशे वर्षं एकाच जागी टिकून राहणं ही मला विजेतेपदांपेक्षा मोठी कामगिरी वाटते. शहरं वाढली की मैदानं बाहेर ढकलली जातात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

या मैदानावर आल्यानंतर राष्ट्रीय चषक तीनदा मिळाला: १९०४, १९१३ आणि १९१५. त्यातल्या १९०४ च्या मोहिमेत व्हीव्हीए या संघाविरुद्ध एचएफसीने २५-० असा विजय मिळवला. आकडा छपाईची चूक वाटावा असा आहे, पण खरा आहे. त्या काळी काही संघ इंग्रज पद्धतीने सराव करून तयार झालेले होते आणि काही नुकतेच चेंडूला पाय लावायला शिकलेले, ही दरी त्या एका निकालात दिसते.

मग १९५४ साली नेदरलँड्समध्ये व्यावसायिक फुटबॉल सुरू झाला. अनेक जुने क्लब त्या वाटेने गेले, काही विलीन झाले, काही बुडाले. एचएफसी हौशी राहिला. याचा अर्थ खेळ कमी दर्जाचा असा घेऊ नका. डच फुटबॉलच्या शिडीत वरच्या दोन पायऱ्या व्यावसायिक आहेत: एरेडिव्हिजी आणि एर्स्टे डिव्हिजी. त्यांच्या खालची तिसरी पायरी, ट्वेडे डिव्हिजी, २०१६ मध्ये नव्याने सुरू झाली, आणि एचएफसी तिच्या पहिल्याच हंगामापासून तिथे होता. या पायरीवरचे खेळाडू वेगवान आणि कसलेले असतात. कित्येक जण व्यावसायिक क्लबांच्या अकादमीतून आलेले असतात, आणि बरेच जण दिवसा नोकरी किंवा शिक्षण सांभाळून संध्याकाळी सराव करतात.

भारताशी एक खरा धागा इथे जुळतो. इंग्लंडच्या शेफील्ड एफसीने जगातल्या देशोदेशींच्या सर्वांत जुन्या क्लबांचं एक मंडळ जमवलं आहे, ‘क्लब ऑफ पायोनियर्स’. त्यात नेदरलँड्सकडून एचएफसी आहे, आणि २०१९ साली कोलकात्याच्या मोहन बागानलाही त्यात सामावून घेतलं. क्लबात गप्पा मारताना ‘तुमच्या मंडळात आमच्या देशातलाही एक क्लब आहे’ एवढं म्हणा, समोरच्याचे डोळे चमकतात.

तिसरं काम: घरबसल्या जुनी वर्तमानपत्रं चाळा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला ती सर्वांत आवडते. हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘डेल्फर’ नावाचं संकेतस्थळ चालवलं आहे. त्यावर सतराव्या शतकापासूनची डच वर्तमानपत्रं स्कॅन करून ठेवली आहेत, शोधायची सोय आहे आणि पैसे लागत नाहीत. डच येत नसेल तरी अडत नाही. पानाचा मजकूर भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला की कामापुरतं कळतं.

शोधताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. नुसतं ‘एचएफसी’ टाकलंत तर हजारो निकाल येतील आणि त्यात दुसरा हार्लेम क्लबही मिसळेल. म्हणून क्लबाचं पूर्ण नाव टाका, आणि तेही जुन्या वर्णलेखनात: त्या काळी ‘हार्लेमश’ असा शेवट लिहिला जाई, आजच्या स्पेलिंगने शोधलं तर जुने निकाल निसटतात. सोबत ‘कूकाम्प’ किंवा ‘स्पान्यार्ड्सलान’ हा शब्द जोडा आणि वर्षांची मर्यादा घाला, उदाहरणार्थ १८८३ ते १९००. रविवारच्या सामन्यांचे वृत्तांत सोमवार-मंगळवारच्या अंकात मिळतात. सुरुवातीच्या वर्षांत बातमी चार ओळींची असते: कोण, कुठे, किती गोल, वारा कसा होता. हो, वाऱ्याचा उल्लेख वारंवार येतो. समुद्र जेमतेम सात-आठ किलोमीटरवर आहे, आणि मैदानावर एकदा उभे राहिलात की तो उल्लेख का येतो ते कळेल.

एखादी बातमी निवडा, छापून घ्या किंवा फोनमध्ये जतन करा, आणि सोबत न्या. हार्लेममध्ये हाती दिवस असेल तर यान्सस्ट्राटवरच्या जुन्या यान्सकेर्क चर्चमध्ये नोर्ड-होलंड प्रांताचं अभिलेखागार आहे. शहराच्या जुन्या छायाचित्रांसाठी आणि नकाशांसाठी ते उत्तम. वेळा मात्र आधी बघून घ्या.

चौथं काम: दिवस निवडा

हंगाम साधारण ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि मे अखेरीस संपतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापलीकडे हिवाळी सुट्टी असते. जून-जुलैत आलात तर मैदान बघाल, सामना नाही. भारतातून बहुतेक मंडळी मे महिन्याच्या सुट्टीत येतात, त्यांनी हंगामाचे शेवटचे आठवडे पकडावेत. ट्युलिप बघायला एप्रिलमध्ये येणाऱ्यांची तर चंगळच आहे, कारण फुलांची शेतं हार्लेमच्या दक्षिणेलाच पसरली आहेत.

तीन प्रकारचे दिवस आहेत, आणि प्रत्येकाची चव वेगळी.

पहिला, मुख्य संघाचा लीग सामना. तारीख आणि वेळ क्लबच्या संकेतस्थळावर किंवा केएनव्हीबीच्या ‘व्हूटबल’ अ‍ॅपवर बघा, आणि आदल्या दिवशी पुन्हा बघा. वेळा बदलतात, दंव पडलं किंवा मैदानात पाणी साचलं तर सामना रद्दही होतो. वार कोणता हा इथे एकेकाळी श्रद्धेचा प्रश्न होता. डच हौशी फुटबॉल अनेक दशकं शनिवारच्या आणि रविवारच्या अशा दोन स्वतंत्र लीगमध्ये विभागलेला होता, कारण कर्मठ प्रोटेस्टंट गावांतले क्लब रविवारी खेळत नसत. काटवाइकचा क्विक बॉइज किंवा स्पाकेनबुर्गचे दोन्ही क्लब शनिवारचे. एचएफसीची परंपरा रविवारची. वरच्या विभागांमध्ये ही भिंत आता बरीच ढासळली आहे, म्हणून जुन्या माहितीवर विसंबून वार ठरवू नका.

दुसरा, शनिवारची सकाळ. या दिवशी मुलामुलींचे सामने असतात आणि मला विचाराल तर क्लब खऱ्या अर्थाने तेव्हाच दिसतो. सगळ्या मैदानांवर एकाच वेळी खेळ चाललेला असतो. सर्वांत धाकटी, सात वर्षांखालची मुलं चार विरुद्ध चार खेळतात, गोलरक्षकाशिवाय. त्यापुढची सहा विरुद्ध सहा, मग आठ विरुद्ध आठ, आणि तेराखालच्या गटापासून पूर्ण अकरा. पंच म्हणून उभा असतो तो कुणाचा तरी बाप किंवा क्लबचाच सोळा वर्षांचा खेळाडू. आई-बाप कठड्याला टेकून कॉफी पितात, विश्रांतीत मुलांना पाणी आणि फळं देतात. तिकीट लागत नाही. एक पथ्य पाळा: अनोळखी मुलांचे फोटो काढू नका. इथे ते अजिबात खपवून घेतलं जात नाही, आणि ते बरोबरच आहे.

तिसरा दिवस म्हणजे १ जानेवारी, आणि त्यासाठी वेगळा परिच्छेद हवा.

नववर्षाचा सामना

१९२३ पासून एचएफसीच्या मैदानावर नववर्षाच्या पहिल्या दिवशी एक सामना होतो: एका बाजूला एचएफसीचा पहिला संघ, दुसऱ्या बाजूला नेदरलँड्सचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू. ज्यांना आपण विश्वचषकात किंवा युरो स्पर्धेत टीव्हीवर पाहिलं, ती माणसं इथे हिवाळ्याच्या थंडीत कठड्यापासून दोन हात अंतरावर धावत असतात, पोटं थोडी सुटलेली, पण चेंडूवरचा पहिला स्पर्श तसाच. आदल्या रात्री अख्ख्या देशाने फटाके उडवून जागरण केलेलं असतं आणि रस्त्यांवर लाल कागदाचा चिखल असतो. लोक डोळे चोळत येतात, एकमेकांना नववर्षाच्या शुभेच्छा देतात, हात मिळवतात. सामन्याचा निकाल कुणाला फारसा महत्त्वाचा नसतो. पण आजोबा-बाप-नातू असे तीन पिढ्यांचे जथे मी तिथे बघितले आहेत, आणि त्या गर्दीत क्लब म्हणजे काय हे जितकं कळतं तितकं इतर कुठल्याही दिवशी कळत नाही.

या दिवशी जायचं असेल तर तिकिटाची व्यवस्था क्लबच्या संकेतस्थळावर डिसेंबरमध्येच बघा. रेल्वेचं वेळापत्रक सुट्टीचं असतं: ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी गाड्या लवकर थांबतात आणि १ जानेवारीच्या सकाळी उशिरा रुळावर येतात. सामना दुपारचा असल्याने बहुधा अडचण येत नाही, पण शेवटच्या गाडीच्या भरवशावर निघू नका. कपडे जाड घाला. थंडीपेक्षा पायाखालची ओल जास्त त्रास देते, म्हणून साध्या कापडी बुटांऐवजी जाड तळव्याचे, पाणी न शिरणारे बूट घाला.

पाचवं काम: पोहोचणं

अ‍ॅमस्टरडॅम सेंट्राल स्थानकावरून हार्लेमकडे दिवसभर थोड्या थोड्या वेळाने गाड्या सुटतात. तुमच्या बँकेचं स्पर्शाने चालणारं कार्ड किंवा फोन स्थानकावरच्या खांबाला टेकवून आत जा आणि उतरल्यावर न विसरता पुन्हा टेकवा. बाहेर पडताना टेकवायचं राहिलं तर जास्तीची रक्कम कापली जाते, आणि नवख्या माणसाची चूक होते ती नेमकी इथेच. एकाच्या कार्डावर एकच माणूस. कुटुंबातल्या प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं.

पुढे दोन पर्याय. घाई असेल तर हार्लेमनंतरच्या हेम्स्टेड-आर्डनहाउट स्थानकावर उतरा, तिथून मैदान पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. हाती वेळ असेल तर हार्लेमलाच उतरा आणि चालत जा. हा रस्ता सुमारे तीन किलोमीटरचा, जवळजवळ सरळ दक्षिणेकडे जाणारा, आणि वाटेत अख्खं शहर उलगडतं.

हार्लेमचं स्थानकच थांबून बघण्यासारखं आहे. १९०८ च्या सुमाराची इमारत, लाकडी प्रतीक्षालयं, रंगीत फरश्या. देशातली पहिली रेल्वे १८३९ साली अ‍ॅमस्टरडॅम ते हार्लेम अशीच धावली होती. तिथून ग्रोटे मार्क्ट चौकात या. सिंट बाफो चर्चमधला म्युलर ऑर्गन दहा वर्षांच्या मोझार्टने १७६६ मध्ये वाजवला होता. पुढे ग्रोटे हाउटस्ट्राटवरून दुकानं मागे टाकत हाउटप्लेन, मग ड्रेफ हा झाडांचा रस्ता. डावी-उजवीकडे बघत चला: पॅव्हिलियन वेलखेलेखेन हा अठराव्या शतकातल्या बँकमालकाचा महाल इथेच आहे, आता त्यात प्रांत सरकार बसतं. आणि मग हार्लेमर हाउटची झाडी सुरू होते. बीच आणि ओकची जुनी झाडं, पायवाटा, कुत्री फिरवणारी माणसं. म्युलिअर आणि त्याचे मित्र याच वनाच्या कडेने चेंडू घेऊन जात. तुम्ही फोनमध्ये आणलेली ती जुनी बातमी इथल्या एखाद्या बाकावर बसून वाचा. वनाच्या दक्षिण टोकाला स्पान्यार्ड्सलान, आणि तिथे क्लब.

सायकलने जाणं सर्वांत उत्तम, हे वेगळं सांगायला नको. गाडीने मात्र टाळा. भोवतालचा भाग रहिवासी आहे आणि सामन्याच्या दिवशी पार्किंगवरून शेजाऱ्यांना त्रास होतो.

सहावं काम: मैदानावर वागणं

मुख्य संघाच्या सामन्याला छोटं प्रवेशशुल्क असतं. रोख पैसे घेऊन जाऊ नका, डच क्लबांमध्ये बहुतेक ठिकाणी फक्त कार्डच चालतं. लवकर पोहोचा. अर्धा-पाऊण तास आधी गेलात तर संघांचा सराव जवळून दिसतो, आणि कॅन्टीनमध्ये गर्दी व्हायच्या आत भिंतींवरच्या जुन्या तसबिरी निवांत बघता येतात. डच क्लबांच्या कॅन्टीनमध्ये इतिहास भिंतीवरच असतो: संघांचे फोटो, चषक, समोरच्या क्लबांनी दिलेली झेंडुली.

बसायला जागा आहे, पण मी सांगेन उभे राहा, मैदानाभोवतीच्या कठड्याला टेकून. तिथून खेळाडूंचं बोलणं ऐकू येतं. मोठ्या स्टेडियममध्ये फुटबॉल दिसतो, इथे ऐकू येतो: बचावपटू मागून सतत ओरडून जागा सांगत असतो, ओल्या गवतावर घसरत आलेल्या पायाचा चर्र आवाज, चेंडू छातीवर घेतल्याचा धप्प. दुसऱ्या डावात बाजू बदला आणि पाहुण्या संघाच्या राखीव खेळाडूंच्या बाकाजवळ जा. प्रशिक्षकाचं काय चाललंय ते भाषा न कळताही कळतं.

क्लबचे रंग निळा-पांढरा. निदान समोरच्या संघाचा रंग घालून जाऊ नका. घोषणाबाजी, ढोल वगैरे फारसं नसतं. हा जुन्या वळणाचा क्लब आहे, चांगल्या खेळीला टाळ्या पडतात, पाहुण्यांच्यासुद्धा.

खाण्यापिण्याचं

शाकाहारी मंडळींनी इथे नीट लक्ष द्या. बिटरबालन नावाचे गोल तळलेले गोळे आणि ब्रोटये क्रोकेट ही पावातली लांबट तळणी, दोन्हींत सहसा गोमांसाचं सारण असतं. दिसायला ते बटाटावड्यासारखे निरुपद्रवी दिसतात, म्हणून विचारल्याशिवाय उचलू नका. हिवाळ्यात मिळणारं वाटाण्याचं दाट सूप, एर्टेनसूप किंवा स्नेर्ट, नावावरून शाकाहारी वाटतं, पण त्यात डुकराचं मांस आणि सॉसेज असतं. चीज घातलेलं कासूफ्ले चालू शकेल, मात्र तळणाचं तेल एकच असतं. बटाट्याचे पाताट सुरक्षित, पण त्यावरच्या मेयोनेजमध्ये अंडं असतं, हवं तर ‘झोंडर मेयो’ म्हणजे मेयोशिवाय सांगा. चीज टोस्टी बहुतेक ठिकाणी मिळते. नववर्षाच्या सुमारास ओलीबोलन म्हणजे पिठाचे तळलेले गोळे वर पिठीसाखर भुरभुरून देतात, त्यात दूध-अंडं असतं. मद्य अठरा वर्षांखालच्यांना मिळत नाही, ओळखपत्र मागतात.

काउंटरच्या पलीकडे उभी असलेली व्यक्ती बहुधा पगारी नसते. डच क्लब ही सदस्यांची संस्था असते, वार्षिक वर्गणीवर आणि स्वयंसेवकांवर चालते. मुलं खेळत असली की आई-बापांच्या वाट्याला कॅन्टीनची पाळी, गाडीने मुलांना बाहेरगावच्या सामन्याला नेणं, मैदानाच्या रेषा-जाळ्यांची कामं येतात. म्हणून उशीर झाला तरी कुरकुर नको. कप-बशा स्वतः परत आणून ठेवा. सामना संपला की लगेच पळू नका, त्यानंतरच्या गप्पांना इथे ‘डेर्डे हेल्फ्ट’ म्हणतात, सामन्याचा तिसरा डाव. पाहुणा आहात, भारतातून आलाय, क्लबचा इतिहास वाचून आलाय हे कळलं की लोक स्वतःहून बोलतात. इंग्रजी सगळ्यांना येतं.

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

अ‍ॅम्स्टेलव्हेन, आइंडहोव्हन, हेग या भागांत आता भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, आणि मुलं शाळेतून आली की फुटबॉलचा हट्ट धरतातच. एचएफसीसाठी हार्लेम गाठायची गरज नाही, जवळच्या हौशी क्लबचीच वाट धरा. दोन गोष्टी सांगून ठेवतो. लोकप्रिय क्लबांत प्रतीक्षायादी असते, म्हणून हंगाम संपण्याआधी, म्हणजे वसंतातच नाव नोंदवा. मूल दहा वर्षांचं किंवा मोठं असेल आणि आधी दुसऱ्या देशात क्लबात नोंदलेलं असेल तर आंतरराष्ट्रीय हस्तांतराची परवानगी लागू शकते, क्लबच्या कार्यालयात हे पहिल्याच भेटीत सांगा. आणि आपण मराठी आई-बाप मुलाला सोडून गाडीत बसून राहतो, तसं करू नका. कॅन्टीनची पाळी घ्या. शेजारच्या डच कुटुंबांशी खरी ओळख होण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

आणखी भटकायचं असेल तर

हेगला डी डीपपुट मैदानावर एचव्हीव्ही हा क्लब आहे: दहा वेळा राष्ट्रीय विजेता, शेवटचं विजेतेपद १९१४ चं, आणि आज खालच्या हौशी विभागात खेळत असूनही जर्सीवर दहा विजेतेपदांचा तारा. शनिवारी वेळ असेल तर स्पाकेनबुर्ग. मच्छीमारांचं हे गाव दोन क्लबांत विभागलेलं आहे, लाल आयसेलमेरफोगल्स आणि निळा एसव्ही स्पाकेनबुर्ग, दोघांची मैदानं शेजारी-शेजारी. लाल क्लबाने १९७५ मध्ये राष्ट्रीय चषकाची उपांत्य फेरी गाठली आणि त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम क्रीडासंघ म्हणून निवडला गेला. या दोघांच्या आपसातल्या सामन्याचं तिकीट मिळालं तर बाकी सगळे बेत रद्द करा.

आणि हार्लेमच्या बेताची तारीख अजून ठरली नसेल तर एक सुचवणं आहे. १५ सप्टेंबर २०२९ रोजी एचएफसीला १५० वर्षं पूर्ण होतील. तो दिवस शनिवार आहे.